पाहुणे बिनतिखटाचे, गाव चेंगदू

सिचुआनी हॉटेलात बसून ‘सगळ्यात तिखट कमी घाला’ एवढं सांगितलं की पाहुण्यांची सोय झाली, असं पुष्कळांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. मापो तोफू म्हणजे लाल, झणझणीत रश्श्यातला तोफू. त्यातली मिरची काढली तर उरतो तो मापो तोफू नव्हे. उरतो नुसता मऊ तोफू, वर थोडा तपकिरी रस्सा, आणि ज्याच्यासाठी हे केलं त्या पाहुण्याच्या मनात एक अपराधी भावना, की आपल्यामुळे सगळ्यांचं जेवण अळणी झालं. चीनच्या सिचुआन प्रांताची राजधानी असलेल्या चेंगदूत राहायला आल्यापासून नातेवाईक, मित्र आणि चीनच्याच दुसऱ्या प्रांतांतून येणारे सहकारी यांना जेवायला नेणं माझ्या वाट्याला वरचेवर येतं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. तिखट न खाणाऱ्यांसाठी तिखट पदार्थ सौम्य करून मागवू नयेत, जे पदार्थ मुळातच सौम्य आहेत ते मागवावेत. आणि असे पदार्थ या प्रांतात मुबलक आहेत, फक्त ते जाहिरातीत लाल दिसत नाहीत म्हणून बाहेरच्यांना माहीत नसतात.

आपल्याकडे तर सिचुआन म्हटलं की डोळ्यांसमोर शेजवान चटणीची बाटली येते. ती भारतातल्या चिनी स्वयंपाकाची निर्मिती, आणि तिच्या जागी ती चांगलीच आहे. पण तिच्यावरून एका अख्ख्या प्रांताचं जेवण ओळखायला जाऊ नये. इथले आचारी चवींचे २४च्या आसपास प्रकार मोजतात. त्यांत लाल तेलाची, झणझणीत आणि जीभ बधिर करणारी चव आहेच. पण निव्वळ खारट आणि रुचकर अशी एक चव आहे, गोड-आंबट आहे, आल्याच्या रसाची आहे, तिळाच्या वाटणाची आहे, धुराची आहे, पाच मसाल्यांची आहे, आंबवलेल्या तांदळाची आहे. युनेस्कोनं २०१० साली चेंगदूला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला, तो आशियातल्या शहराला मिळालेला असा पहिला मान होता. तो एकट्या मिरचीच्या जोरावर मिळालेला नाही.

मिरची इथली मूळची नाहीच. ती अमेरिका खंडातून आली, जशी पोर्तुगीजांबरोबर गोव्याला आली. चीनमधली तिची सर्वांत जुनी नोंद १५९१ सालच्या एका ग्रंथात सापडते, आणि तीही शोभेच्या झाडांच्या ओघात. सिचुआनच्या रोजच्या जेवणात ती रुजायला अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधी, सतराव्या शतकातल्या लढायांनी हा प्रांत उजाड झाला होता आणि छिंग राजवटीत हूबेइ, हूनान, ग्वांगदोंग अशा प्रांतांतून लोक आणून इथे वसवले गेले होते. प्रत्येकानं आपापली चूल बरोबर आणली. मिरची गरिबाच्या भाताला चव देणारी म्हणून लोकप्रिय झाली, पण अधिकाऱ्यांच्या आणि श्रीमंतांच्या मेजवान्यांत तिला फारसं स्थान नव्हतं. जुन्या पद्धतीच्या सिचुआनी मेजवानीत आजही बहुतेक पदार्थ बिनतिखटाचे असतात. पाहुण्यांसाठी सौम्य पदार्थ निवडताना आपण या स्वयंपाकाशी तडजोड करत नसतो. उलट त्याच्या जुन्या, अवघड आणि हल्ली मागे पडत चाललेल्या भागाकडे पाहुण्यांना नेत असतो.

हे सगळं मला आपोआप उमगलं नाही. माझ्या घरमालकीणबाई चेंगदूच्याच, साठीच्या पुढच्या, आणि त्यांची सून ग्वांगदोंगची. सुनेचे आईवडील येणार असले की बाई आठवडाभर आधी टेबलाचा विचार करतात. ग्वांगदोंगची माणसं सौम्य खाणारी, ताज्या चवीबद्दल काटेकोर, आणि व्याह्यांपुढे इभ्रतीचाही प्रश्न. त्यांच्याबरोबर मी अनेकदा जेवले, त्यांना पदार्थ मागवताना पाहिलं, आणि जे काही शिकले ते तिथेच.

फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्याहून मावशी आणि काका आले तेव्हा ते कामाला आलं. काकांचं अल्सरचं दुखणं झाल्यापासून तिखट बंद आहे. घरी मावशी आमटीत तिखट घालायच्या आधी त्यांच्यापुरती वाटीभर बाजूला काढते. वर्षानुवर्षं काढते. विमानतळावरून घरी येतानाच ती म्हणाली, “अगं, आमच्यामुळे तुमचे बेत नको बदलायला. मी मेतकूट आणलंय. ह्यांना मऊ भात मिळाला की झालं.” काकांनी मान डोलावली. मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांब यायचं, आणि जगातल्या एका थोर स्वयंपाकाच्या गावात बसून मेतकूट-भात खाऊन परत जायचं? मेतकूट मलाही प्रिय आहे, तिनं आणलेलं आम्ही नंतर संपवलंही. पण पहिल्या रात्री नाही.

मी घरमालकीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते तिखटाबद्दल नाही, तर पाहुणे काय खात नाहीत याबद्दल. गाईचं नाही, डुकराचं नाही, म्हटल्यावर त्या जरा थांबल्या, कारण इथे नुसतं ‘मांस’ म्हटलं की ते डुकराचंच. कोंबडी, बदक, मासे, अंडी चालतात म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि त्या सगळ्यात आधी सूप ठरवायला बसल्या. ही त्यांची रीत मला फार आवडते. सिचुआनी टेबलावर सूप हे शेवटी मागवायचं शेपूट नसतं, लाल पदार्थांच्या मधोमध ते विसाव्याची जागा असतं. ज्यांना लाल काही खायचंच नाही त्यांच्यासाठी तर तेच मुख्य. काकांसाठी त्यांनी सुचवलं छिंगछंग डोंगराकडचं कोंबडीचं सूप, गिंको झाडाच्या बिया घालून तासन्‌तास मंद शिजवलेलं. हा डोंगर ताओ पंथीयांचं जुनं स्थान, चेंगदूहून जवळच. सूप पांढरट, वर कोंबडीच्या चरबीचे पिवळे थेंब, आत आलं आणि मीठ. बिया मऊ आणि किंचित कडवट. काकांनी पहिला चमचा घेतला आणि मावशीकडे बघून म्हणाले, “हे चांगलंय.” काका कौतुक फार बोलून दाखवणारे नाहीत.

मग बदक. चहाच्या पानांच्या आणि कापराच्या झाडाच्या पानांच्या धुरावर धरलेलं बदक हा सिचुआनचा नावाजलेला पदार्थ आहे, आणि त्यात मिरची नसते. बदक आधी मसाल्यात मुरवायचं, मग धुरी द्यायची, मग वाफवायचं आणि शेवटी तळायचं. एवढे सोपस्कार घरी कोणी करत नाही, म्हणूनच ते हॉटेलात मागवावं. पाहुण्यांसाठी निवड करताना मी हे मुद्दाम बघते. जे घरी सहज होतं, जसं टोमॅटो-अंड्याचं परतणं, ते बिनतिखट असलं तरी मेजवानीत मांडून काय साधतं? अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडतं, पण जिथे स्वयंपाक्याचा हात दिसतो असा एक तरी सौम्य पदार्थ टेबलावर हवा. म्हणजे तिखट न खाणाऱ्याच्या पुढ्यात टेबलावरची सगळ्यात मानाची बशी येते.

या बाबतीत सगळ्यांवर मात करणारा पदार्थ म्हणजे खाइश्वेइ बाइत्साइ. नावाचा अर्थ ‘उकळत्या पाण्यातला कोबी’. बशीत दिसतो तोही तसाच, चिनी कोबीची कोवळी फिकट पानं आणि भोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव. पण ते पाणी नव्हे. जून कोंबडी, बदक, हॅम, हाडं यांचा तासन्‌तास मंद आचेवर काढलेला तो रस्सा. तो निवळण्यासाठी त्यात आधी डुकराच्या आणि मग कोंबडीच्या मांसाचा बारीक, पातळ केलेला खिमा सोडतात. खिमा रश्श्यातला सगळा गढूळपणा स्वतःकडे ओढून घेत वर तरंगतो, मग तो काढून टाकतात. हे पुन्हा पुन्हा करतात, तळ स्वच्छ दिसेपर्यंत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेंगदूत स्वतःचं उपाहारगृह चालवणारे ह्वांग जिंगलिन यांच्या नावावर हा पदार्थ सांगतात. पुढे पेइचिंगच्या सरकारी मेजवान्यांपर्यंत त्याला नेणारे आचारी म्हणून ल्वो ग्वोरोंग यांचं नाव घेतलं जातं. मी तो पहिल्यांदा घरमालकीणबाईंच्या व्याह्यांबरोबर खाल्ला. ग्वांगदोंगचे ते गृहस्थ सूप या विषयात कुणाचं सहज ऐकणारे नव्हेत. त्यांनी वाटी संपवली आणि कोबीसाठी नव्हे तर ‘पाण्यासाठी’ ती पुन्हा पुढे केली. बाईंना त्या रात्री किती आनंद झाला ते मी पाहिलं आहे.

मावशी-काकांच्या टेबलावर मात्र तो येऊ शकला नाही, हॅम आणि डुकराच्या मांसामुळे. शाकाहारी पाहुण्यांना तर हे आवर्जून सांगायला हवं, कारण बशीत दिसतो नुसता कोबी. सिचुआनमध्ये पालेभाजीसुद्धा कधी डुकराच्या चरबीवर परततात. वनस्पती तेलात करा असं सांगितलं की करून देतात. इथे घरोघरी मोहरीच्या कुळातल्या बियांचं पिवळं तेल वापरतात, त्याचा वास मराठी नाकाला आधी उग्र वाटतो आणि मग आवडायला लागतो. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला वाटाण्याचे कोवळे शेंडे मिळतात. ते नुसत्या लसणीवर परतलेले किंवा सूपमध्ये सोडलेले मागवावेत. मावशीनं त्यांची बशी आपल्याकडे ओढून घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

आता तिखट पदार्थांकडे यायला हवं, कारण टेबल पूर्ण पांढरं ठेवणं मला पसंत नाही. मावशीला थोडं तिखट चालतं, मला तर हवंच असतं, आणि पाहुण्यांनी गावाचा रंग निदान बघावा तरी. इथे खरं कसब लागतं, आणि ते एका प्रश्नावर अवलंबून असतं. मिरची या पदार्थात कोणत्या वाटेनं शिरली आहे?

अख्खी सुकी मिरची तेलात परतून घातली असेल, तर ती आपल्या फोडणीतल्या मिरचीसारखी असते. वास देते, रंग देते, आणि बाजूला काढता येते. गोंगबाओ चिकन असं असतं. एकोणिसाव्या शतकात सिचुआनचे राज्यपाल असलेल्या दिंग बाओजन यांच्या पदवीवरून त्याला नाव मिळालं. त्याची चव साखर आणि व्हिनेगरनं लिचीसारखी आंबट-गोड असते, वर शेंगदाणे. दिसायला मिरच्याच मिरच्या, पण त्या खायच्या नसतात. मावशीनं चिकन आणि शेंगदाणे वेचून निवांत खाल्ले. दुसरी वाट लोणच्यातल्या मिरचीची. युश्यांग पद्धतीच्या वांग्यात ती येते, आलं-लसूण, साखर, व्हिनेगर यांच्या संगतीनं तिची धार बोथट होते. ज्यांना ‘थोडं चालतं’ त्यांच्यासाठी हा उत्तम मध्य. वरून डुकराचा खिमा नको असेल तर आधी सांगावं.

तिसरी वाट दोबानज्यांगची, म्हणजे घेवड्यासारख्या बाकला शेंगांचे दाणे आणि मिरची आंबवून केलेल्या लाल वाटणाची. चेंगदूजवळच्या पीश्येनचं ते प्रसिद्ध. हे वाटण तेलात परतलं की पदार्थाचा पायाच तिखट होतो, मग ‘कमी करा’ म्हणून काही साधत नाही. मापो तोफू असाच. १८६२ साली चेंगदूतल्या एका पुलाजवळच्या खानावळीत त्याचा जन्म झाला, आणि मूळ पद्धतीत त्यात गाईच्या मांसाचा खिमा असतो हेही आपल्या पाहुण्यांसाठी लक्षात ठेवावं. चौथी वाट लाल तेलाची. ते सगळीकडे पसरतं, घासाघासाला चिकटतं, त्याच्यापासून सुटका नाही. श्वेइझू म्हणजे ‘पाण्यात शिजवलेला’ मासा नावाला साधा वाटतो, पण तो येतो तोच मिरच्यांच्या आणि लाल तेलाच्या थराखाली. काकांसारख्या माणसासमोर तो चुकूनही येऊ देऊ नये.

आणि पाचवी वाट मला सगळ्यात सभ्य वाटते, तिखट वेगळ्या वाटीत. ताजा, नुकता धरलेला दह्यासारखा मऊ तोफू, दोउह्वा, आपल्याच कोमट पाण्यात येतो आणि शेजारी तिखट चटणीची छोटी वाटी. कुणी किती घ्यायची ते ज्यानं त्यानं ठरवायचं. काकांनी नुसत्या सोयासॉसचे दोन थेंब घेतले, मी अर्धी वाटी लाल केली, आणि दोघांनी एकाच भांड्यातून खाल्लं. पांढरे घेवडे घालून शिजवलेल्या डुकराच्या पायांच्या सुपाचंही असंच असतं, सूप पांढरं आणि चटणी बाजूला. वेगवेगळ्या तोंडांची माणसं एकत्र बसणार असतील तर असे पदार्थ आधी शोधावेत.

तिखटाखेरीज एक गोष्ट मात्र स्वतंत्रपणे सांगावी लागते. ती म्हणजे ह्वाज्याओ नावाचा मसाल्याचा दाणा, ज्यानं जिभेला मुंग्या येतात. मिरची नको म्हटलं तरी ह्वाज्याओ घातला जाऊ शकतो, कारण इथल्या माणसाच्या लेखी या दोन निरनिराळ्या चवी आहेत, आणि ते बरोबरच आहे. चिकनमधला एक दाणा मावशीच्या दाताखाली आला. मी पाण्याचा पेला पुढे करणार एवढ्यात ती म्हणाली, “हे तर तिरफळ!” तिचं सासर गोव्याचं. बांगड्याच्या हुमणात तिनं आयुष्यभर तिरफळं घातली आहेत, त्यांतल्या काळ्या बिया काढून. ह्वाज्याओचंही नेमकं तेच करतात, बी टाकून टरफल ठेवतात. ही झाडं एकाच कुळातली, वनस्पतिशास्त्रात झँथोझायलम. कोकणातली जात वेगळी, सिचुआनमधली वेगळी, पण जिभेवर थरथर उठवणारा गुण दोघींत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की ओठांवरची ही थरथर सेकंदाला ५० कंपनांच्या आसपास जाणवते. मावशीला आकड्यांत रस नव्हता. तिनं एक दाणा रुमालात बांधून घेतला, जावेला वास द्यायला.

वाढप्याला मी काय सांगते, तर ‘यात मिरची घालू नका’ असं त्याच्या आवडत्या पदार्थाबद्दल म्हणत नाही. ‘आमच्यात एकजण अजिबात तिखट खात नाहीत, तुमच्याकडचे मुळात बिनतिखट पदार्थ कोणते?’ असं विचारते. या प्रश्नानं माणूस खुलतो. तो यादीच्या मागच्या पानांकडे जातो, आज बदक चांगलं झालंय म्हणतो, कधी यादीत नसलेलं सूपही सांगतो. ‘वेइला’, म्हणजे किंचित तिखट, हा शब्द मात्र जपून वापरावा. तो इथल्या जिभेच्या मापानं किंचित असतो. चेंगदूचा हात तुलनेनं हलका, शेजारच्या चोंगछिंग महानगराचा जड. चोंगछिंग १९९७ साली प्रशासकीयदृष्ट्या सिचुआनपासून वेगळं झालं, चवीनं ते आधीही वेगळंच होतं.

हॉटपॉटबद्दल, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायच्या जेवणाबद्दल, थोडक्यात. दोन कप्प्यांचं भांडं मिळतं, एकीकडे लाल, एकीकडे पांढरं, आणि सगळे म्हणतात की झाली सोय. माझ्या मते जेमतेम होते. लाल बाजूच्या चमच्यानं पांढऱ्या बाजूतलं काढलं की संपलं, म्हणून चमचे आधीच वेगळे ठेवावेत. दुसरं, चोंगछिंग पद्धतीचा लाल रस्सा गाईच्या चरबीत करतात. हे पुष्कळ भारतीयांना माहीत नसतं आणि कुणी आपण होऊन सांगत नाही. वनस्पती तेलातला रस्सा बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण तो मागावा लागतो. आणि कुणाला तिखट लागलंच, तर पाणी पाजू नये, मिरचीचा दाह पाण्यात विरघळत नाही. साधा भात, किंवा इथे जेवणाबरोबर सर्रास मिळणारं सोयाबीनचं थंड दूध द्यावं.

गोडाची काळजीच नाही. बिंगफेन म्हणजे एका रानटी झाडाच्या बिया पाण्यात चोळून धरलेली पारदर्शक जेली, वर तपकिरी साखरेचा पाक. तळलेल्या चिकट तांदळाच्या वड्याही असतात, पाक आणि सोयाबीनच्या पिठात घोळलेल्या. काकांना दोन्ही आवडलं. तीळ भरलेले थांगय्वेन, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे, मी त्या दिवशी टाळले, त्यांच्या सारणात डुकराची चरबी असते.

पुढच्या महिन्यात ऑफिसमध्ये ग्वांगदोंगची राजधानी ग्वांगजो इथून काही मंडळी येत आहेत, आणि मागवायचं काम पुन्हा माझ्याकडे आहे. त्यांना डुकराचं चालतं, त्यामुळे या वेळी खाइश्वेइ बाइत्साइ नक्की. तो दोन दिवस आधी सांगावा लागतो, काल फोन केला. धुरावरचं बदक, दोउह्वा, वांगं, तेव्हा बाजारात जी पालेभाजी असेल ती. लाल पदार्थ एकच ठेवेन म्हणते, टेबलाच्या फिरत्या चकतीवर, ज्याला हवा त्यानं आपल्याकडे फिरवून घ्यावा. तो मापो तोफू असावा की गोंगबाओ, हे अजून ठरलेलं नाही. घरमालकीणबाईंचं मत मापोकडे आहे.